पावती नसलेला पैसा

(वस्तीतल्या रात्रीच्या वर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलंय.)

कविता वाचायला बोलावलंत की मी येतो, दोन कविता हाणतो, कटिंग पितो आणि पाळीला पळतो. आज तुम्ही भाषण मागितलंत, तेही फुटबॉलवर. मी गोदीतला कंत्राटी कामगार. बोटीतल्या स्टीलच्या कॉइलींना स्लिंग घालतो. शिक्षण मॅट्रिक. फुटबॉलशी नातं म्हणाल तर लहानपणी गल्लीत रबरी बॉल लाथाडला आणि शेजारणीची लोणच्याची बरणी फोडली, तेवढंच. तरी आलो. कारण मागं ह्याच जिन्यावर वाद रंगला होता. वर्ल्ड कप कुठल्या देशात भरवायचा ते ठरवताना फिफाच्या बड्या धेंडांनी पैसे खाल्ले, यावर बोलणं चाललेलं. आपल्यातलाच एक जण म्हणाला, "वरच्यांनी वरच्यांना चारलं. आपल्या बापाचं काय गेलं?"

तो सवाल तेव्हापासून काट्यासारखा सलतोय. बापाचं काय गेलं ते मोजायलाच मी इथं उभा आहे.

१८ डिसेंबर २०२२ ची रात्र आठवा. अर्जेंटिना आणि फ्रान्स. अख्खी चाळ एका टीव्हीपुढं. पेनल्ट्या झाल्या, मेस्सी जिंकला, कतारच्या अमिरानं त्याच्या अंगावर काळा बिश्त चढवला आणि आपण नाचलो. मीही नाचलो, खोटं कशाला बोलू. पण हा कप कतारला ठरला त्याला तेव्हा बारा वर्षं होऊन गेली होती. तो ठरला कसा, तिथून सुरुवात करू.

२ डिसेंबर २०१०. स्वित्झर्लंडमधलं झुरिक शहर. फिफा ही जगातल्या फुटबॉलची मालकीण, आणि तिची कार्यकारी समिती चोवीस जणांची. चोवीसच्या चोवीस पुरुष. त्या दिवशी दोन वर्ल्ड कप एकदम वाटायचे होते, २०१८ चा आणि २०२२ चा. चोवीसातले दोघे मतदानाआधीच गळाले होते. ऑक्टोबर २०१० मध्ये लंडनच्या 'संडे टाइम्स'चे वार्ताहर अमेरिकेच्या बाजूचे दलाल बनून त्यांच्याकडं गेले होते. नायजेरियाचे आमोस आदामू चार कृत्रिम मैदानांच्या नावाखाली आठ लाख डॉलर मागताना कॅमेऱ्यात सापडले, ते पैसेही स्वतःच्या हातात हवे होते. ताहितीचे रेनाल्ड तेमारी यांना क्रीडा अकादमीसाठी पैसा हवा होता. दोघांना बाजूला बसवलं. उरले बावीस.

बावीस माणसं. आपल्या जिन्यावर आत्ता याच्याहून जास्त बसलीत.

२०१८ चा कप दुसऱ्या फेरीत रशियाकडं गेला. फुटबॉलचा जन्मदाता म्हणून मिरवणाऱ्या इंग्लंडला पहिल्या फेरीत दोन मतं. २०२२ साठी पहिल्याच फेरीत कतारला अकरा पडली आणि चौथ्या फेरीत अमेरिकेविरुद्ध चौदा-आठ. कतारमधल्या उन्हाळ्याची उष्णता घातक ठरू शकते, असं फिफाच्याच तपासणी पथकानं आधी लिहून दिलं होतं. कुणी ऐकलं नाही. मग २०१५ मध्ये त्यांनीच स्पर्धा उचलून नोव्हेंबर-डिसेंबरात टाकली. मत देताना ऊन दिसलं नाही, मत दिल्यावर दिसलं! सेप ब्लाटर, तेव्हाचे अध्यक्ष, स्टेजवर आले, पाकीट फोडलं, आतनं कागद काढला, त्यावर कतार. पाकीट जगानं पाहिलं ते एवढं एकच.

पुढच्या काही वर्षांत त्या बावीसांतल्या निम्म्याहून अधिक जणांवर बंदी, दंड, आरोपपत्र नाहीतर चौकशी यातलं काहीतरी आलंच. काहींच्या शिक्षा नंतर रद्द किंवा कमी झाल्या, तेही सांगतो. आपल्याला खोटी भर घालायची गरज नाही, खरं आहे तेवढंच पुरून उरतं.

आता लाच इथं इतकी सहज का शिरते, ते गोदीतल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. सकाळी गेटवर मुकादम उभा राहतो. कामं वीस, माणसं साठ. तो बोट दाखवतो, तू ये, तू ये, तू घरी जा. का, हे त्याला कुणी विचारत नाही. निवडणारा एकटादुकटा, निवडीचं कारण सांगायचं बंधन नाही आणि ज्याची निवड व्हायची त्याचं पोट अडलेलं. अशा ठिकाणी दस्तुरी आपोआप उगवते. गिरणीत उगवली, गोदीत उगवली, झुरिकमध्येही. कप मागणाऱ्या देशाला मतं लागतात बारा. कोट्यवधी लोकांचा खेळ आणि किल्ल्या बारा जणांच्या खिशात. अख्ख्या जगाला पटवायचं कशाला? बारा घरची दारं वाजवली की झालं.

आणि हे कतारनं सुरू केलेलं नाही. आपल्यातल्या काहींना वाटतं, अरबांनी तेलाचा पैसा ओतला आणि सभ्य गोऱ्यांचा खेळ नासवला. हे गोऱ्यांच्या पेपरांनी शिकवलेलं आहे. जरा मागं जाऊ.

जुलै २०००. २००६ चा कप कुणाला, यासाठी मतदान. जर्मनी बारा, दक्षिण आफ्रिका अकरा. न्यूझीलंडचे चार्ल्स डेम्प्सी शेवटच्या फेरीत मत न देताच तटस्थ राहिले, एका मतानं कप जर्मनीला. पंधरा वर्षांनी, ऑक्टोबर २०१५ मध्ये, 'श्पीगल' ह्या जर्मन साप्ताहिकानं उकरून काढलं की जर्मन संघटनेनं ६७ लाख युरो फिफामार्फत फिरवले होते. कागदावर ते कशासाठी? स्पर्धेच्या उद्घाटनाच्या जंगी कार्यक्रमासाठी. तो कार्यक्रम झालाच नाही! खरं तर ती आदिदासचे एके काळचे मालक रॉबर्ट लुई-ड्रेफस यांच्याकडून घेतलेल्या पैशाची फेड होती, आणि तो मूळ पैसा पुढं कतारच्या मोहम्मद बिन हम्माम यांच्या कंपनीकडं गेल्याचं २०१६ च्या चौकशीत निघालं. मत विकत घेतल्याचं त्या चौकशीत सिद्ध झालं नाही. पण जर्मन संघटनेच्या अध्यक्षांना खुर्ची सोडावी लागली. पुरावा सापडला नाही म्हणतात, आणि न झालेल्या समारंभाचं बिल मात्र सापडतं.

दक्षिण आफ्रिकेला अखेर २०१० चा कप मिळाला. मे २००४ मध्ये मोरोक्कोविरुद्ध चौदा-दहा. मला त्या दिवसाबद्दल वाईट बोलवत नाही. मंडेला स्वतः तिथं होते, वर्णद्वेष गाडून दहाच वर्षं झालेली. पण चक ब्लेझर नावाचा फिफाचा एक अमेरिकन सदस्य. न्यूयॉर्कमध्ये ट्रम्प टॉवरात त्याची घरं, त्यातलं एक मांजरांसाठी, असं छापून आलं होतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये बंद दाराआडच्या न्यायालयात त्यानं कबूल केलं की २०१० च्या निवडीसाठी त्यानं आणि समितीतल्या आणखी काहींनी लाच घ्यायचं ठरवलं होतं. १९९८ च्या कपाच्या वेळीही तसंच. २००८ मध्ये एक कोटी डॉलर दक्षिण आफ्रिकेच्या नावानं फिफाच्या खात्यातनं त्रिनिदादच्या जॅक वॉर्नर यांच्या ताब्यातल्या खात्यांवर गेले. कागदावर लिहिलेलं कारण वाचा. परदेशी विखुरलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी वारसा कार्यक्रम! गुलाम करून बोटींतनं नेलेल्यांच्या नातवंडांच्या नावावर. दक्षिण आफ्रिकेचं सरकार म्हणतं ती लाच नव्हती, वॉर्नरही सगळे आरोप नाकारत आले. फिफानं त्यांना २०१५ मध्ये तहहयात बंदी घातली.

ह्याच वॉर्नरना इंग्लंडनंही सांभाळलं. २००९ मध्ये इंग्लंडच्या मंडळींनी समितीतल्या चोवीस जणांच्या बायकांना महागड्या हँडबॅगा वाटल्या, एकेक २३० पौंडांची. वॉर्नरनी बॅग परत केली. तुम्ही म्हणाल, वा. पण त्याच इंग्लंडनं पुढं कॅरिबियन फुटबॉलवाल्यांच्या जेवणावळीचा पंचावन्न हजार डॉलरचा खर्च उचलला. ऑस्ट्रेलियानं त्रिनिदादमधलं एक स्टेडियम सुधारायला जवळजवळ पाच लाख डॉलर दिले, ते स्टेडियमला कधी पोचलेच नाहीत. गरिबानं दिली तर लाच, श्रीमंतानं दिली तर विकासनिधी आणि लॉर्डसाहेबांनी दिली तर हँडबॅग.

सगळ्यात वरची लाच तर पाकिटात मावतच नाही. २३ नोव्हेंबर २०१०, मतदानाला नऊ दिवस. पॅरिसला राष्ट्राध्यक्षांच्या महालात जेवण. सार्कोझी, कतारचे युवराज आणि फ्रान्सचे मिशेल प्लातिनी, समितीतले एक मतदार. प्लातिनींनी मत कतारला दिलं, हे ते स्वतः सांगतात. जेवणामुळं दिलं, हे नाकारतात. जेवायला काय होतं ते माहीत नाही, पण ह्या पंगतीत आपल्याला वाढपी म्हणूनसुद्धा घेणार नाहीत, एवढं माहीत आहे.

एक गंमत सांगून पुढं जातो. ह्याच प्लातिनींना २०११ मध्ये ब्लाटरनी फिफाच्या तिजोरीतनं वीस लाख स्विस फ्रँक दिले. कशाचे? म्हणे जुन्या कामाची थकबाकी. करार? तोंडी. कागद नाही. फिफानं दोघांवर बंदी घातली, पण स्विस न्यायालयानं २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये दोघांना निर्दोष सोडलं. न्यायालयाचा निकाल मी मानतो. फक्त डोक्यात टाचून ठेवा, वीस लाखांचा तोंडी करार न्यायालयात टिकतो. पुढं लागेल.

२७ मे २०१५. पहाटेचं झुरिक. अमेरिकेच्या सांगण्यावरनं स्विस पोलीस पंचतारांकित हॉटेलात शिरले, फिफाच्या सात जणांना उचललं. आरोपपत्र चौदा जणांवर, चोवीस वर्षांत पंधरा कोटी डॉलरची लाच, बरीचशी टीव्ही आणि जाहिरातीच्या हक्कांपोटी. पकडलेल्यांना बाहेर आणताना फोटो निघू नये म्हणून हॉटेलच्या नोकरांनी पांढऱ्या चादरी आडव्या धरल्या. तो फोटो मी कितीदा तरी बघितलाय. सगळे चादरीमागं कोण आहे ते शोधतात. मी चादर धरणारे हात बघतो. दोन दिवसांनी ब्लाटर पुन्हा अध्यक्ष म्हणून निवडून आले, आणि चार दिवसांत पायउतार व्हायची घोषणा करून बसले. २०२० मध्ये अमेरिकी सरकारी वकिलांनी आणखी लिहिलं की २०१८ आणि २०२२ च्या मतांसाठीही काही सदस्यांना पैसा चारला गेला. रशियानं नाकारलं, कतारनं नाकारलं. कप परत घेतला गेला नाही.

आता त्या सवालाकडं येतो. आपल्या बापाचं काय गेलं?

झुरिकमध्ये चौदा हात कतारच्या बाजूनं पडले. त्या हातांनी वीट उचललेली नाही. वाळवंटात सात नवी स्टेडियमं, एक जुनं डागडुजी करून, मेट्रो, रस्ते, हॉटेलं, हे सगळं उभं करायला माणसं लागली. ती आली नेपाळहून, बांगलादेशाहून, पाकिस्तानहून, श्रीलंकेहून, केनियाहून आणि आपल्या देशातनं. आणि ती कशी आली? पैसे भरून आली. हे नीट ऐका. कामाला जाणाऱ्यानं काम मिळवायला एजंटाला पैसे मोजले. कतारच्या कायद्यात कामगाराकडून असे पैसे घ्यायला बंदी होती. नेपाळनं २०१५ मध्ये नियम केला, व्हिसा फुकट, तिकीट फुकट, एजंटानं फार तर दहा हजार नेपाळी रुपये घ्यावेत. तरी लोक त्याच्या कितीतरी पट भरत राहिले. सावकाराचं कर्ज काढून, शेत गहाण टाकून. पोचल्यावर पासपोर्ट मालकाच्या कपाटात. नोकरी बदलायची तर मालकाची चिठ्ठी, देश सोडायचा तर मालकाची परवानगी. ह्या पद्धतीला कफाला म्हणतात. तिच्या बेड्या २०१८ पासून २०२० पर्यंत थोड्या थोड्या सैल केल्या, किमान वेतन आलं हजार रियाल. जगानं बोंब मारली म्हणून आलं. तोवर बरंच बांधकाम उरकलेलं होतं.

आपल्या मागच्या चाळीतला एक जण दोह्याला परांची बांधायला गेला होता. स्टेडियमवर नव्हे, हॉटेलच्या इमारतीवर. एजंटाला दिलेलं कर्ज फिटायला त्याला चौदा महिने लागले. तो म्हणायचा, "पहिलं वरीस आपुन फुकाटच राबलो बघ. आपली मजुरी आपणच भरली."

आपली मजुरी आपणच भरली. दोस्तहो, हे त्याचं वाक्य ऐकून माझ्या डोक्यात उजेड पडला. वर देश पैसे देतो, कप मिळावा म्हणून. खाली मजूर पैसे देतो, त्या कपाची परांची बांधायला मिळावी म्हणून. वरचा पैसा गुप्त, खालचाही गुप्त. वर बारा किल्ल्या, खाली एक एजंट. फरक एवढाच, वर देणाऱ्याला कप मिळतो आणि खाली देणाऱ्याला व्याज.

मेले किती? 'गार्डियन'नं २०२१ मध्ये दक्षिण आशियातल्या पाच देशांच्या सरकारी नोंदी जमवल्या, दहा वर्षांत साडेसहा हजारांवर मृत्यू. हे सगळे स्टेडियमवरचे नव्हेत, सगळ्या कारणांचे आणि सगळ्या धंद्यांतले आहेत, हे लक्षात ठेवून बोला, नाहीतर समोरचा तिथंच आपल्याला पकडतो. आयोजक म्हणाले, स्टेडियमच्या कामावर कामामुळं मेलेले तीन. मग २०२२ मध्ये त्यांचाच प्रमुख मुलाखतीत बोलून गेला, चारशे ते पाचशे. लगेच खुलासा, तो आकडा देशभरातल्या सगळ्या कामांचा. तीन की पाचशे, हा घोळ का होतो? कारण तिशीतला धडधाकट माणूस खोलीत मेला की दाखल्यावर लिहायचं 'नैसर्गिक कारण' नाहीतर 'हृदय बंद पडलं'. हृदय बंद पडल्याशिवाय कोण मरतो? पण असं लिहिलं की तो कामामुळं मेला नाही, आणि कामामुळं मेला नाही तर भरपाई नाही. मरणाचीसुद्धा पावती बनावट.

आता जे सांगायचंय ते मला स्वतःला फार लागलेलं आहे. दोह्याच्या बंदराजवळ एक स्टेडियम उभं केलं, नाव '९७४'. तो कतारचा फोनचा कोड. आणि तितकेच, ९७४ कंटेनर त्यात वापरले. हो, आपले कंटेनर, लोखंडी खोके. सात सामने झाले, चव्वेचाळीस हजार माणसं त्या खोक्यांवर बसून ओरडली. माझा आजा ह्याच मुंबई बंदरात खांद्यावर गोणी आणि हातात हूक घेऊन उभा राहिला. मग खोका आला. शंभर माणसांच्या टोळीचं काम एक क्रेन करायला लागली, १९८९ ला न्हावा-शेवा सुरू झालं, बोटी खाडीपलीकडं गेल्या. टोळी मोडली, आज्याचा हूक माळ्यावर गेला, अजून आहे. माझ्या पिढीला गोदीत कायम नोकरी नाही, ठेकेदार आहे. आणि टीव्हीवर ते खोके लाल-पिवळे रंगवलेले बघून कॉमेंट्री करणारा म्हणतो, वा, काय कल्पकता!

त्या ठेकेदाराचं नाव मी घेत नाही. पण गेटपास मिळवायला मी त्याच्या माणसाला पंधरा हजार मोजलेत. आईची भिशी उचलून. पहिले तीन महिने मीही माझी मजुरी मीच भरली. पावती? विचारली असती तर पासही गेला असता.

कतारमध्ये मात्र एक गोष्ट घडली, ती कुणी सांगत नाही. आरडाओरड इतकी वाढली की स्पर्धेच्या आयोजन समितीनं आपल्या कंत्राटदारांना सांगितलं, मजुरांनी भरतीसाठी भरलेले पैसे परत करा. मजूर म्हणाले, पावती नाही. एजंट कुठं पावती देतो? तेव्हा ठरलं की पावती मागायची नाही. आपण पैसे घेतले नाहीत, हे कंत्राटदारानं दाखवावं, मजुरानं नव्हे. हजारो लोकांच्या पगारात महिन्याला थोडे थोडे करून पैसे परत पडले. सगळ्यांना नाही. समितीचं काम घेतलेल्या कंत्राटदारांच्या माणसांना, बाकीच्या रस्ते आणि हॉटेलवाल्यांना नाही. आपल्या परांचीवाल्याला दमडी मिळाली नाही. पण एकदा झालं, म्हणजे होऊ शकतं. प्लातिनीसाहेबांचा तोंडी करार चालतो, तर हमालाचा तोंडी शब्द का नाही चालणार?

फिफाकडंही मागणी झाली होती. स्पर्धेची बक्षिसं ४४ कोटी डॉलरची, तेवढीच रक्कम मजुरांच्या भरपाईला ठेवा, असं ॲम्नेस्टीनं २०२२ मध्ये म्हटलं. फिफानं २०२४ मध्ये पाच कोटींचा वारसा निधी काढला. पुन्हा 'वारसा'! तो गेला जागतिक आरोग्य संघटना, व्यापार संघटना आणि निर्वासितांच्या कामाला. चांगली कामं आहेत, कोण नाही म्हणतो. मेलेल्याच्या बायकोच्या हातात मात्र त्यातलं काही नाही.

आणि लाच थांबवायला काय केलं म्हणाल, तर मत चोवीसांकडनं काढून सगळ्या देशांच्या संघटनांना दिलं. २०२६ चा कप असाच ठरला, १३४ विरुद्ध ६५. बरं वाटलं. मग आला २०३४. ऑक्टोबर २०२३ मध्ये फक्त आशिया आणि ओशनियानं अर्ज करावा म्हणाले, मुदत महिन्याहूनही कमी. उरला एकच अर्जदार, सौदी अरेबिया. ११ डिसेंबर २०२४ ला २११ संघटनांची ऑनलाइन सभा भरली आणि २०३० बरोबरच २०३४ सुद्धा टाळ्या वाजवून मंजूर. कॅमेऱ्यापुढं बसून टाळ्या. नॉर्वेनं हरकत नोंदवली. बाकीच्यांनी वाजवल्या. मतच घेतलं नाही तर मत विकत घेतलं असं कोण म्हणेल? गेटवर काम एक आणि माणूस एकच उभा ठेवायचा, की मुकादम एकदम धुतल्या तांदळासारखा.

तिथं आणखी स्टेडियमं बांधायची आहेत. कफाला तिथंही पूर्वापार चालत आलेली. एजंट ह्या वस्तीतही येतील, आत्ताच एकाचा बोर्ड स्टेशनजवळ लागलाय.

म्हणून ही वही आणलीय. दोनशे पानी. गोदीत, एअरपोर्टवर, झाडूखात्याच्या ठेक्यावर, आखातात, जिथं ज्यानं कामासाठी पैसे भरले त्यानं रक्कम लिहायची, साल लिहायचं, कशासाठी ते लिहायचं. घेणाऱ्याचं नाव आत्ता नको, ते आपण बसून ठरवू. पावती नाही म्हणून थांबायचं नाही. पहिल्या पानावर मी लिहिलंय, पंधरा हजार, गेटपास. दुसऱ्या ओळीवर परांचीवाल्याच्या बायकोनं अंगठा दिलाय, तो परत दुबईला गेलाय, दुसऱ्या एजंटाकडनं.

कालपर्यंत एवढ्या दोनच ओळी. मुकादमाच्या कानावर गेलं तर पुढच्या महिन्यात माझा पास कापला जाईल, हे मला ठाऊक आहे, आईला अजून सांगितलेलं नाही. मला पाचच्या लोकलनं पाळीला जायचंय. सवाल असतील तर आत्ता विचारा. वही तिथं पाण्याच्या पिंपावर ठेवलीय. पेन जरा अडकतं, आधी कोपऱ्यात घासून बघा.